मानव विकास निर्देशांकाची मोजपट्टी नाशिक जिल्ह्याला लावायची तर कशी?

गोदाकाठ
संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालात भारत १९३ देशांत १३० वा आहे. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून ० ते १ मध्ये काढलेला त्याचा मानव विकास निर्देशांक ०.६८५. आइसलँड ०.९७२ वर पहिला, दक्षिण सुदान ०.३८८ वर शेवटचा. क्रमांकाची बातमी दरवर्षी येते, पण तो निघतो कसा हे कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

एक, हा आकडा घरी बसून काढता येतो का? दोन, तीच रीत नाशिक जिल्ह्याला लावता येईल का? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. अख्खा आइसलँड चार लाखांच्या आत आहे, म्हणजे आकाराचा प्रश्न नाही. पण निफाडच्या द्राक्षबागा, सातपूर-अंबडचे कारखाने, मालेगावचे यंत्रमाग आणि सुरगाणा-पेठचे पाडे यांचा मिळून एकच आकडा काढण्यात अर्थ आहे का, हा तिसरा प्रश्न आपोआप येतोच. जाणकारांनी लिहावं. राजकारण नको.

सातपूरकर
राजकारण नको म्हटल्यावर धागा काही शंभरी गाठत नाही. तरी जागा धरून बसतो.

आकडेमोड
पहिल्याचं उत्तर: येतो. कॅल्क्युलेटरवर नैसर्गिक लॉगचं बटण असलं की झालं.

भारताचे २०२३ चे चार आकडे घ्या. जन्मवेळचं अपेक्षित आयुर्मान ७२ वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं १३, सरासरी शालेय वर्षं ६.९, आणि दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न ९,०४७ डॉलर. हे डॉलर २०२१ च्या क्रयशक्तीचे आहेत, बाजारातल्या विनिमय दराचे नाहीत.

प्रत्येक आकड्याला किमान आणि कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे. आयुर्मानाला २० आणि ८५, म्हणून (७२ − २०) ÷ ६५ = ०.८००. शिक्षणात किमान शून्य, अपेक्षित वर्षांची कमाल १८ आणि सरासरी वर्षांची १५. १३ ÷ १८ = ०.७२२ आणि ६.९ ÷ १५ = ०.४६०, या दोघांची साधी सरासरी ०.५९१. उत्पन्नाला १०० आणि ७५,००० डॉलर, पण इथे लॉग घ्यायचा: ९०.४७ चा लॉग भागिले ७५० चा लॉग, म्हणजे ४.५०५ ÷ ६.६२० = ०.६८१. आता तिघांचा गुणाकार करा, ०.३२२ येतो. त्याचं घनमूळ ०.६८५.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. शिक्षणाचे दोन आकडे सुटे धरून चौघांचं चौथं मूळ काढणं ही एक. उत्पन्नाला लॉग न लावणं ही दुसरी, आणि तिचा फटका मोठा: उत्पन्नाचा भाग ०.६८१ ऐवजी ०.११९ येतो, निर्देशांक ०.३८४ होतो आणि भारत थेट दक्षिण सुदानच्या खाली जाऊन बसतो. निर्देशांक अनपेक्षित घसरलेला दिसला की आधी लॉग तपासावा.

कैरीची_डाळ
अपेक्षित वर्षं आणि सरासरी वर्षं यात फरक काय? आणि घनमूळ कशाला, तीनने भागून सरळ सरासरी का नाही?

आकडेमोड
सरासरी वर्षं ही २५ किंवा त्याहून जास्त वय असलेल्यांनी प्रत्यक्षात घेतलेल्या शिक्षणाची. अपेक्षित वर्षं ही आज शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाची: प्रत्येक वयाचं आजचं पटप्रमाण असंच राहिलं तर तो किती वर्षं शिकेल. पहिला आकडा मागचा हिशोब सांगतो, दुसरा पुढचा. म्हणून शाळा कितीही वाढवल्या तरी ६.९ हलायला दशकं लागतात. आज पहिलीत बसलेलं मूल त्या आकड्यात यायला जवळपास वीस वर्षं आहेत.

घनमुळाबद्दल: २०१० पर्यंत साधी सरासरीच होती. तेव्हा एका बाजूची पडझड दुसरीकडच्या भरभराटीने पूर्ण भरून निघायची. भूमितीय मध्यात, म्हणजे या घनमुळाच्या रीतीत, ती तशी निघत नाही. भारताची साधी सरासरी ०.६९१ येते, भूमितीय मध्य ०.६८५. तिन्ही बाजू जितक्या असमान तितकी ही तफावत वाढते.

मखमलाबादी
कैरीताई, मिसळीचं उदाहरण घ्या. तर्रीला १०, फरसाणाला १०, मटकी आंबलेली म्हणून ०. साध्या सरासरीने ६.६७ येतात, म्हणजे फर्स्ट क्लास. भूमितीय मध्याने शून्य. नाशिककर कोणत्या रीतीने गुण देतो ते सांगायला नको.

सातपूरकर
आणि पुण्यात त्याच मटकीला 'जरा आंबटगोड' म्हणून ८ मिळतात.

वाचनवेडी
थोडा इतिहास. मानव विकास अहवाल १९९० पासून निघतो. कल्पना पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांची, मागचा विचार बराचसा अमर्त्य सेन यांचा. सेन सुरुवातीला एका आकड्याच्या विरोधात होते. माणसाच्या आयुष्यासारखी गोष्ट एका संख्येत कशी कोंबणार, हा त्यांचा आक्षेप. हक यांचं म्हणणं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाला त्याच्याइतक्याच ढोबळ आकड्याने टक्कर दिल्याशिवाय कुणी ढुंकून बघणार नाही. पस्तीस वर्षांनी इथे धागा निघतोय म्हणजे हक यांचा अंदाज बरोबर होता.

त्याआधी मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९७९ मध्ये जीवनाच्या भौतिक गुणवत्तेचा निर्देशांक मांडला होता. साक्षरता, बालमृत्युदर आणि वयाच्या पहिल्या वर्षानंतरचं आयुर्मान, एवढंच. त्यात उत्पन्न नव्हतंच. त्यामुळे श्रीलंका आणि केरळ ही उदाहरणं एकदम डोळ्यांत भरली. श्रीलंका २०२५ च्या अहवालातही ०.७७६ सह ८९ व्या क्रमांकावर आहे, आर्थिक संकट येऊन गेल्यावरसुद्धा.

निफाडी
लॉग मला पटत नाही. १,००० डॉलरवरून २,००० वर गेलेला आणि २०,००० वरून ४०,००० वर गेलेला, दोघांना सारखाच फायदा? दुसऱ्याने वीस हजार जास्त कमावले.

आकडेमोड
हो, दोघांनाही ०.१०५. हेतू तोच आहे. उत्पन्न इथे साधन म्हणून मोजलंय. हातावर पोट असलेल्याचे हजार डॉलर आणि बंगला बांधून झालेल्याचे हजार डॉलर सारखं काम करत नाहीत. वरची ७५,००० ची मर्यादाही त्यासाठीच आहे. त्यापुढे कतार किंवा सिंगापूरने कितीही कमावलं तरी गुण १ च्या वर जात नाहीत.

निफाडी
मग उत्पन्न काढूनच टाका ना.

गणिती_गोदावरी
काढता येत नाही असं नाही, पण मग अन्न, घर, कपडा या सगळ्याला दुसरा प्रतिनिधी शोधावा लागेल. लॉगवर खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन यांनी घेतला होता: हे सूत्र नकळत आयुष्याच्या वर्षाला किंमत लावतं. भारतापुरता हिशोब करून बघा. आयुर्मान ७२ चं ७३ झालं तर निर्देशांक जेवढा वाढतो, तेवढाच तो उत्पन्न साधारण ९ टक्क्यांनी, म्हणजे ८०० डॉलरच्या आसपास वाढूनही वाढतो. श्रीमंत देशात त्याच एका वर्षाची किंमत हजारो डॉलर भरते, गरीब देशात फारच थोडी. अशी किंमत लावायची असं कुणी ठरवलेलं नाही, गणितातून ती आपोआप पडली.

शिक्षणाची किंमत मात्र चढी आहे. भारताची सरासरी शालेय वर्षं ६.९ ची ७.९ झाली तर निर्देशांक ०.६९८ होतो. एवढी वाढ उत्पन्नातून आणायची तर उत्पन्न २९ टक्के वाढायला हवं. ज्याला सरकारी नियोजनाची काळजी आहे त्याने क्रमांकापेक्षा या अदलाबदलीकडे बघावं.

पेठेकर_गुरुजी
वर्षं मोजली, शिकणं कुठे मोजलं? पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येतो का, हे 'असर'चं सर्वेक्षण तपासतं आणि तिथले निकाल सगळ्यांना माहीत आहेत. मानव विकास निर्देशांकात मात्र बाकावर बसलेलं वर्ष आणि शिकलेलं वर्ष एकच.

गणिती_गोदावरी
गुरुजी, बरोबर. जागतिक बँकेने २०१८ मध्ये मानवी भांडवल निर्देशांक काढला तो याच कारणाने. त्यात शालेय वर्षांना चाचणीतल्या गुणांनी कापतात. शिवाय पाच वर्षांपर्यंत जगण्याची शक्यता, मुलांची खुरटलेली वाढ आणि १५ ते ६० वयातलं तगणं धरतात. २०२० मध्ये भारताचा आकडा ०.४९ होता. म्हणजे आज जन्मलेलं मूल, पूर्ण शिक्षण आणि पूर्ण आरोग्य मिळालं असतं तर जेवढं उत्पादक झालं असतं, त्याच्या निम्म्यापर्यंत पोचेल.

इंदिरानगरी
मागच्या अहवालात भारत ०.६४४ होता, आता ०.६८५. एका वर्षात एवढी उडी? पटण्यासारखं नाही.

आकडेमोड
दोन अहवाल शेजारी ठेवून वजाबाकी कधीच करायची नाही. प्रत्येक अहवालात मागची सगळी वर्षं नव्या माहितीने पुन्हा काढतात. २०२२ साठी आधी ०.६४४ छापलं होतं, नव्या अहवालात त्याच २०२२ चं ०.६७६ झालं. खरी वाढ ०.६७६ ते ०.६८५ एवढीच. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाने २०२४ मध्ये आयुर्मानाचे अंदाज सुधारले आणि क्रयशक्तीचं आधारवर्ष २०१७ चं २०२१ झालं. आधीच्या अहवालात भारताचं आयुर्मान ६७.७ होतं. कल बघायचा तर ताज्या अहवालातलाच कलाचा तक्ता उघडावा. क्रमांकाचंही तेच: छापील १३४, सुधारित १३३, आणि आता १३०.

सातपूरकर
म्हणजे काहीही न करता एक क्रमांक वर. हे आवडलं.

कैरीची_डाळ
आणि तो देशांना क्रमांक देणारा जागतिक आनंद अहवाल? फिनलंड दरवर्षी पहिला कसा? तिकडे हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो.

वाचनवेडी
त्यात सूर्य मोजत नाहीत. गॅलप या सर्वेक्षण संस्थेचे लोक एक प्रश्न विचारतात: शिडीची सर्वात खालची पायरी ० आणि वरची १०, तुमचं आयुष्य आज कोणत्या पायरीवर आहे? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी म्हणजे त्या देशाचा आकडा. दरडोई उत्पन्न, आधाराला माणूस असणं, निरोगी आयुर्मान, स्वातंत्र्य, दानशूरपणा, भ्रष्टाचाराची जाणीव हे सहा घटक बेरजेत नसतात. आलेला आकडा कशामुळे असेल हे सांगण्यासाठी ते नंतर वापरतात. वर्तमानपत्रं हे हटकून उलटं लिहितात. २०२५ च्या अहवालात भारत ११८ वा, फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला.

गणिती_गोदावरी
त्यात नमुन्याचीही भर घाला. बऱ्याच देशांत वर्षाला हजार माणसं, तीन वर्षांची तीन हजार. उत्तरांची पसरण २ गुणांच्या आसपास धरली तर चूक ±०.०७ येते. गटागटाने निवड होत असल्याने प्रत्यक्षात थोडी जास्तच. मधल्या फळीत दोन देशांमध्ये ०.०५ चा फरक असला तरी पाच क्रमांक इकडचे तिकडे होतात.

निफाडी
भूतानच्या 'सकल राष्ट्रीय आनंद' निर्देशांकाचं बरं आहे मग, स्वतःच परीक्षा काढायची आणि स्वतःच तपासायची.

वाचनवेडी
थट्टा सोपी आहे, पण त्यांची पद्धत भक्कम आहे. नऊ क्षेत्रं, ३३ निर्देशक, आणि दोन तृतीयांश बाबतीत पुरेसेपणा असलेला माणूस सुखी. २०१० मध्ये ०.७४३, २०१५ मध्ये ०.७५६, २०२२ मध्ये ०.७८१. यातून देशांची रांग लावता येत नाही, लावायचीही नाही. त्यांना हवं ते एवढंच: कोण अजून सुखी नाही आणि त्याला काय कमी पडतंय.

गोदाकाठ
मंडळी, फिनलंड-भूतान झालं. नाशिकला परत या.

पाटबंधारे_निवृत्त
येतो. मानव विकास निर्देशांक जिल्ह्याला जशाच्या तसा लावता येत नाही, कारण त्यातले दोन पाय लंगडे पडतात.

पहिला आयुर्मानाचा. आयुर्मान नमुना नोंदणी योजनेतून येतं. तिथे गावातला अंशकालीन गणक वर्षभर जन्म-मृत्यू नोंदवतो, पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी करतो, मग दोन्ही याद्या जुळवतात. पद्धत चोख, पण नमुना राज्याला पुरेल एवढाच आहे. त्यामुळे जिल्ह्याला आयुर्मानाऐवजी बालमृत्युदर घ्यावा लागतो, आणि तोही काही वर्षं एकत्र करून. म्हाताऱ्यांचं आरोग्य त्यातून निसटतं.

दुसरा उत्पन्नाचा. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न असतं, पण ते जिथे उत्पादन झालं तिथलं. अंबडच्या कारखान्यातली मूल्यवृद्धी नाशिकच्या खात्यावर चढते, नफा मुंबईला किंवा परदेशात गेला तरी. देशाच्या निर्देशांकात सकल राष्ट्रीय उत्पन्न घेतात ते हा घोळ टाळायला, जिल्ह्याला मात्र तसा आकडाच नाही. त्यात पुन्हा अनेक क्षेत्रांचं राज्याचं उत्पन्न कामगारसंख्येसारख्या प्रमाणांवर जिल्ह्यांत वाटून दिलेलं असतं. मोजलेलं कमी, वाटलेलं जास्त.

रुपये डॉलरमध्ये आणताना बाजारभाव वापरू नका. २०१७ च्या किंमत-तुलनेच्या फेरीत भारतासाठी एका डॉलरची क्रयशक्ती २०.६५ रुपये होती, बाजारभाव ६५ च्या आसपास. बाजारभाव धरलात तर उत्पन्न तिसऱ्या हिश्श्यावर येतं. शिवाय तो दर अख्ख्या देशाचा. गंगापूर रोडचं घरभाडं आणि सुरगाण्याचं घरभाडं त्याला एकच.

इंदिरानगरी
मग महाराष्ट्राचा मानव विकास अहवाल जिल्हानिहाय निघाला होता तो?

पाटबंधारे_निवृत्त
२००२ आणि २०१२ चे. ते अशाच पर्यायी आकड्यांवर उभे आहेत. २०१२ च्या अहवालात वर मुंबई, तळाला नंदुरबार. जिल्ह्याजिल्ह्यांत तुलना करायला चालतात. पण नाशिकचा त्यातला आकडा घेऊन 'आपण अमुक देशाच्या बरोबरीचे' असं म्हणाल तर ती दोन वेगळ्या मापांची तुलना झाली.

पेठेकर_गुरुजी
आणि तालुक्यातालुक्यांतली दरी? जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या चौथा हिस्सा आहे. सरासरीत ती बुडते.

आकडेमोड
देशाच्या पातळीवर त्यासाठी विषमतेने कापलेला निर्देशांक असतो. भारताचा ०.६८५ त्यात ३०.७ टक्के घटून ०.४७५ होतो. घट काढताना प्रत्येक बाजूत माणसामाणसांतला भूमितीय मध्य घेतात. मग शाळेत कधीच न गेलेल्या एका माणसाच्या शून्याने सगळं शून्य होईल, म्हणून सगळ्यांच्या वर्षांत १ मिळवतात. उत्पन्नाचं वरचं अर्धा टक्का टोक छाटतात. जिल्ह्याला हे करायला घराघराची माहिती हवी.

गणिती_गोदावरी
घराघराची माहिती एकाच ठिकाणी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (एनएफएचएस). म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नाशिकसाठी मानव विकास निर्देशांक सोडा, बहुआयामी गरिबी निर्देशांक घ्या. अर्थतज्ज्ञ साबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांची पद्धत, जागतिक पातळीवर २०१० पासून. नीती आयोगाच्या राष्ट्रीय आवृत्तीत १२ निर्देशक आहेत. आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांना एकेक तृतीयांश वजन. पोषण १/६, बाल-किशोर मृत्यू १/१२, माता आरोग्य १/१२, शालेय वर्षं १/६, शाळेतली हजेरी १/६, आणि स्वयंपाकाचं इंधन, स्वच्छतागृह, पाणी, वीज, घर, मालमत्ता, बँक खातं या सातांना प्रत्येकी १/२१.

रीत अशी. एकेका कुटुंबाच्या उणिवांची वजनं बेरजेत घ्या, बेरीज १/३ किंवा जास्त झाली की ते कुटुंब गरीब. समजा घरात कुणी कुपोषित आहे (०.१६७), स्वयंपाक सरपणावर (०.०४८), स्वच्छतागृह नाही (०.०४८), घर कच्चं (०.०४८). बेरीज ०.३१०, म्हणजे गरीब नाही. पाण्याची उणीव जोडली की ०.३५७, आता गरीब. मग गरिबांचं शेकडा प्रमाण गुणिले गरिबांच्या सरासरी उणिवा. देशात गरिबांचं प्रमाण २०१५-१६ च्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ वर आलं.

फायदा हा की आकडा सोडवून बघता येतो: जिल्ह्याच्या गरिबीत पोषणाचा वाटा किती, इंधनाचा किती. मानव विकास निर्देशांकाला हे जमत नाही.

मखमलाबादी
वर दिलेल्या घराला इगतपुरीत ठेवा. ऑगस्टमध्ये ते गरीब नाही, मे महिन्यात गरीब.

गणिती_गोदावरी
मखमलाबादींनी नेमकं दुखणं सांगितलं. जागतिक आवृत्तीत पाण्याची अट म्हणजे सुरक्षित स्रोत, जाऊन-येऊन ३० मिनिटांच्या आत. एनएफएचएस-५ चं महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या उत्तरार्धात झालं, म्हणजे पाऊस आणि त्यानंतरचे महिने. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीला पाऊस धो धो आणि एप्रिलपासून टँकर. या निर्देशकात तो उन्हाळा उतरतच नाही.

पेठेकर_गुरुजी
उलट पाहणी हिवाळ्यात केली तर पेठ-सुरगाण्याची घरं कुलूपबंद मिळतील. माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला. आणि कुलूपबंद घराच्या बदल्यात शेजारचं घर घ्यायची मुभा या पाहणीत नसते. सर्वात गरीब घरंच नमुन्यातून गळतात.

निफाडी
गॅसचंही तसंच. सिलिंडर घरात असतो, भाकरी चुलीवर.

गणिती_गोदावरी
इंधनाचा प्रश्न 'मुख्यतः कशावर स्वयंपाक करता' असा आहे, नुसत्या जोडणीने ती उणीव मिटत नाही. बँक खात्याचं मात्र निफाडी म्हणतात तसं होतं. जनधननंतर खातं जवळपास सगळ्यांकडे आहे. तो निर्देशक आता कुणाला वेगळा काढत नाही, फक्त १/२१ वजन अडवून बसलाय.

गोदाकाठ
मग तालुकावार गरिबी निर्देशांक काढू या का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

आकडेमोड
एनएफएचएसवरून नाही निघणार. ५ व्या फेरीत ७०७ जिल्ह्यांत ६.३७ लाख कुटुंबं, म्हणजे जिल्ह्याला सरासरी ९००. एकेका गावात किंवा वॉर्डात २२ घरं. जिल्ह्याचं प्रमाण १० टक्के आलं तर साधी चूक ±२, आणि घरं गावागावांतून गठ्ठ्याने निवडल्यामुळे ती ±२.८ पर्यंत जाते. १५ तालुक्यांत वाटली तर तालुक्याला ६० घरं, म्हणजे दोन-तीन गावं. पेठचा आकडा म्हणून तुम्ही दोन गावांचा आकडा छापाल.

पाटबंधारे_निवृत्त
तालुक्याला करायचंच तर स्वतःची पाहणी. तालुक्याला निदान ४०० घरं, २० गावांत प्रत्येकी २०. एकाच गावातली ४०० घेतली तर काही उपयोग नाही. पंधराही तालुके घेण्यापेक्षा चार घ्या: निफाड, मालेगाव, सुरगाणा आणि शहर. पाण्याचा प्रश्न 'आज' असा न विचारता 'गेल्या मे महिन्यात पाणी कुठून आणलं, किती वेळ लागला' असा विचारा. कामाचे महिने पावसाळ्यात ठेवा, म्हणजे माणसं घरी सापडतील. कुलूपबंद घरांची नोंद वेगळ्या रकान्यात, गाळायची नाही. वजन-उंचीसाठी काटा आणि मोजपट्टी अंगणवाडीची वापराल तर रोज सकाळी ठरलेल्या वजनाने काटा तपासून घ्या. पोषणाला १/६ वजन आहे, काटा अर्धा किलो इकडेतिकडे असेल तर सगळा निकाल हलतो.

कैरीची_डाळ
१,६०० घरं म्हणजे किती माणसं लागतील कामाला?

पाटबंधारे_निवृत्त
प्रश्नावली आणि वजन-उंची धरून घराला तासभर. जोडीने फिरायचं, एका जोडीची दिवसाला सहा-सात घरं. आठ जोड्या असल्या तर साधारण पाच आठवडे. सुरगाण्यात पाडे लांब लांब, तिथे दिवसाला चारच धरा.

सातपूरकर
धागा शंभरी गाठणार नाही म्हणालो होतो, इथे सोळाशे घरं निघाली. शहरातल्या ४०० पैकी सातपूर-सिडकोची यादी कोण करणार तेवढं ठरवा. मतदार यादीवरून घरं निवडू नका, बरेच भाडेकरू त्यात नसतात.